वेल्समध्ये इंग्लिशसोबत वेल्श रोज वापरायची म्हणजे नेमकं काय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळची साताऱ्याची, गेली नऊ वर्षं उत्तर वेल्समध्ये ग्विनेद भागात राहते. नर्सिंगसाठी, आयटीसाठी, शिकायला म्हणून इकडे येणारे मराठी लोक मला जे प्रश्न परत परत पाठवतात ते इथे एकत्र लिहिलेत. वेल्श शब्द मला जसे ऐकू येतात तसे देवनागरीत लिहिते. एका आवाजाला मात्र आपल्याकडे अक्षरच नाही, जीभ 'ल'च्या जागी लावून बाजूने हवा सोडायची असा तो आवाज, त्यासाठी मी 'ल्ल' वापरलंय.

1. वेल्श म्हणजे इंग्लिशचीच बोली ना, फक्त ॲक्सेंट वेगळा?

नाही, पूर्ण वेगळी भाषा आहे. वेल्समध्ये बोललं जाणारं इंग्लिश, लांबवत गाऊन बोलल्यासारखं, ते वेगळं आणि वेल्श भाषा वेगळी. तिचं स्वतःचं नाव कम्राइग, देशाचं नाव कम्री. ही केल्टिक कुळातली भाषा, ब्रेटन आणि कॉर्निश तिच्या सख्ख्या बहिणी, आयरिश आणि स्कॉटिश गेलिक चुलत. इंग्लिश लोक या बेटावर यायच्या आधीपासून तिचे पूर्वज इथे बोलले जात होते.

आणि लांबून का होईना पण आपलंही नातं आहे. तीनला त्री, नऊला नाउ, दहाला देग, दाताला दांट, नावाला एनू. पहिल्यांदा आकडे ऐकले तेव्हा मला शाळेतलं संस्कृत आठवलं, आणि ते उगाच नाही, दोन्ही भाषा इंडो-युरोपियनच आहेत.

2. सगळ्यांना इंग्लिश येतंच ना तिकडे, मग वेल्श शिकून उपयोग काय?

येतं, अगदी लहान पोरं सोडली तर सगळ्यांना येतं, आणि वेल्श न शिकता तुम्ही इथे आयुष्य काढू शकता, उपाशी राहणार नाही की दवाखान्यात अडणार नाही. पण सांगलीत राहणारा एखादा माणूस वीस वर्षं फक्त हिंदीत बोलत राहिला तर त्याचं काहीच अडत नाही, तरी तो घराच्या ओट्यापर्यंतच येतो, आत येत नाही, तसं होतं बघा. दुकानात, बसमध्ये, शाळेच्या गेटवर खरी बोलणी वेल्शमध्ये चाललेली असतात आणि तुम्ही आलात की लोक सौजन्य म्हणून इंग्लिशवर येतात. ते सौजन्य खरं असतं, पण रोज आठ माणसांनी तुमच्या एकट्यासाठी भाषा बदलायची हे मला तरी बरं वाटेना, मी शिकायला लागले ते त्यामुळे.

3. नक्की किती लोक बोलतात? एका ठिकाणी 18 टक्के वाचलं, दुसरीकडे 28.

दोन्ही आकडे सरकारीच आहेत. 2021 च्या जनगणनेत तीन वर्षं आणि त्यावरच्या लोकांपैकी 17.8 टक्के, म्हणजे साधारण 5 लाख 38 हजार लोकांना वेल्श बोलता येतं असं आलं. 2011 मध्ये हाच आकडा 19 टक्के, 5 लाख 62 हजार होता. 28 च्या आसपासचा जो आकडा दिसतो तो दुसऱ्या एका सर्व्हेतला, त्यात प्रश्न विचारायची पद्धत वेगळी असते, थोडंफार येणारेही त्यात जास्त धरले जातात. तुलना करताना एकाच ठिकाणचे आकडे घ्या, मिसळू नका.

कमी झालेले जास्त करून शाळकरी वयातले, 5 ते 15 वयोगटात 40.3 टक्क्यांवरून 34.3 वर आले. ही जनगणना कोविडच्या काळात झाली, शाळा बंद होत्या, मुलांबद्दलचं उत्तर आईबापच लिहितात, त्यामुळे यातलं खरं किती घटलं यावर इथे बरीच चर्चा झाली. सरकारचं टार्गेट 2050 पर्यंत दहा लाख बोलणारे असं आहे, 2017 मध्ये जाहीर केलेलं.

4. मला कार्डिफला नोकरी लागलीये, तिथे वेल्श ऐकू येईल का?

येईल, पण शोधावी लागेल. कार्डिफमध्ये 12.2 टक्के लोकांना येते, म्हणजे आकड्यात बरेच लोक आहेत पण पसरलेले. आमच्याकडे ग्विनेदमध्ये 64.4 टक्के, शेजारच्या ॲंगलसी बेटावर 55.8. इथे काएरनारवॉनच्या चौकात उभं राहिलात तर पोरं एकमेकांना शिव्या पण वेल्शमध्ये देताना ऐकू येतील, आणि एखादी भाषा जिवंत आहे हे मला त्यावरूनच कळतं, फक्त समारंभात बोलली जाते त्या भाषेत कोणी चिडत नाही. पश्चिमेला केरेडिग्यॉन आणि कार्मार्थनशरमध्ये पण चांगली चालते. पूर्वेकडे, इंग्लंडच्या हद्दीला लागून, पाट्या सोडून फारशी भेटत नाही.

5. पाट्या दोन भाषांत असतात त्याने गोंधळ होत नाही का?

पहिला आठवडा होतो, मग डोळ्यांना सवय होते. सरकारी नवीन पाट्यांवर वेल्श आधी आणि इंग्लिश नंतर, त्यामुळे पहिली ओळ वाचून घाबरू नका, खाली बघा. शहरांची नावंही दोन-दोन, कार्डिफ म्हणजे काइर्दीद, स्वान्सी म्हणजे आबेरतावे. आबेर म्हणजे नदीचं मुख, तावे नदी जिथे समुद्राला मिळते ते. ल्लान म्हणजे चर्चची जागा, पोंट म्हणजे पूल, पेन म्हणजे डोकं किंवा टोक. एवढे चार शब्द आले की नकाशा वाचता येतो. डोंगरांची वेल्श नावंही आता पुढे आलीत, स्नोडन डोंगराला अर विद्वा आणि स्नोडोनियाला एररी म्हणायचं असं तिथल्या नॅशनल पार्कने 2022 मध्ये ठरवलं.

मराठी पोरांना सगळ्यात मजा येते ती वळणावर. डांबरावर पांढऱ्या मोठ्या अक्षरांत 'हळू' असं दोन भाषांत रंगवलेलं असतं आणि हळूला वेल्श शब्द आहे आरव. ते लिहितात ARAF, पण वेल्शमध्ये शेवटच्या त्या f चा उच्चार 'व' होतो, 'फ' नाही, म्हणून आरव. आमच्याकडे पाहुणा आलेल्या एका सहा वर्षांच्या पोराचं नाव तेच, दर वळणावर गाडीत मागून ओरडायचा, माझं नाव परत आलं! आता मुंबईला परत गेल्यावर पण त्याला तो शब्द आठवतो म्हणे.

6. समोरच्याला वेल्श येतं हे ओळखायचं कसं? आणि सुरुवात कुठल्या भाषेत करायची?

सुरुवात वेल्शमध्ये करा. या सगळ्या पानातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा, कारण पहिलं वाक्य ज्या भाषेत पडतं त्याच भाषेत पुढचं सगळं बोलणं जातं. दोन माणसं, दोघांनाही वेल्श येतं, एकमेकांना माहीत नाही, दोघंही काळजीपोटी इंग्लिशमध्ये सुरू करतात आणि वर्षानुवर्षं तसंच बोलत राहतात, असं इथे सतत होतं.

करायचं इतकंच की दुकानात शिरताना 'बोरे दा' म्हणायचं, म्हणजे सुप्रभात. दुपारनंतर 'पनाउन दा'. समोरच्याला येत असेल तर तो वेल्शमध्ये पुढे बोलेल, येत नसेल तर इंग्लिशमध्ये हाय म्हणेल, संपलं. बोरे दा ऐकून कोणाला वाईट वाटलेलं मी नऊ वर्षांत पाहिलेलं नाही, वेल्श न येणारे लोकसुद्धा सहज म्हणतात. निघताना 'दीओल्ख', धन्यवाद.

शिवाय खूण असते. दुकानात, दवाखान्यात, कौन्सिलमध्ये काही लोकांच्या शर्टावर नारिंगी रंगाचा छोटा बॅज असतो, बोलण्याच्या फुग्याच्या आकाराचा, किंवा गळ्यातल्या पट्टीवर तेच चित्र. याइथ ग्वाइथ म्हणतात त्या योजनेला, म्हणजे कामाची भाषा. बॅज दिसला की माणूस वेल्श बोलतो. शिकणाऱ्यांसाठीही वेगळा बॅज मिळतो, मी तो दोन वर्षं लावून फिरले आणि त्याचा फायदा असा की लोक आपोआप हळू बोलतात.

7. पबमध्ये परका माणूस शिरला की मुद्दाम वेल्शमध्ये बोलायला लागतात हे खरं का?

ही गोष्ट मला किमान तीस लोकांनी सांगितली असेल, आणि प्रत्येकाने कोणाकडून तरी ऐकलेली. विचार करा, तुम्ही दार उघडायच्या आधी ते कुठल्या भाषेत बोलत होते हे तुम्हाला कसं कळणार? ते आधीपासून वेल्शमध्येच बोलत होते. दादरच्या हॉटेलात कोणी परप्रांतीय आला म्हणून आपण मराठी सुरू करत नाही, ती चालूच असते.

अजून एक, वेल्श बोलताना मध्ये मध्ये इंग्लिश शब्द येतात त्यावरूनही लोक म्हणतात की ही कसली भाषा. पार्किओ म्हणजे पार्क करणं, टॅक्सी म्हणजे टॅक्सी. आपण 'गाडी पार्क केली, लिफ्ट बंद होती म्हणून जिन्याने आलो' म्हणतो तेव्हा मराठीच बोलत असतो ना.

8. मी वेल्शमध्ये बोललो की ते लगेच इंग्लिशवर येतात, माझं वेल्श इतकं वाईट आहे का?

वाईट असेलही सुरुवातीला, पण कारण बहुतेक वेळा ते नसतं. त्यांना वाटतं आपण तुम्हाला मदत करतोय. शिवाय आपला चेहरा बघून त्यांना वेल्शची अपेक्षाच नसते, त्यामुळे पहिलं वाक्य त्यांच्या कानात इंग्लिश म्हणूनच शिरतं, मला एका बेकरीत तीनदा तेच वाक्य म्हणावं लागलं होतं, तिसऱ्यांदा त्या बाईंच्या चेहऱ्यावर उजेड पडला आणि मग थांबेचनात.

उपाय म्हणजे सरळ सांगायचं: 'डुइन डस्गी कम्राइग', मी वेल्श शिकतेय. आणि हे सांगूनही इंग्लिश आली तर तुम्ही वेल्शमध्येच चालू ठेवा, समोरचा इंग्लिश बोलला तरी चालेल. दोन भाषांतला संवाद विचित्र वाटतो पण चालतो, आपल्याकडे बेळगावात एकजण मराठी आणि एकजण कन्नड असं बाजारात रोज चालतं. घाईच्या रांगेत मात्र हट्ट करू नका, मागे पाच लोक उभे असताना नाही.

9. 'हो'ला वेल्शमध्ये काय म्हणतात? ॲपवर दर वेळी वेगळा शब्द येतो.

कारण एक शब्द नाहीच. क्रियापद परत म्हणायचं. आणि हे मराठी माणसाला कोणी शिकवायला नको: 'दूध आहे का?' 'आहे.' 'येतोस का?' 'येतो.' बस, तेच. 'ओइस ना लेव्रिथ?' दूध आहे का, उत्तर 'ओइस', आहे. तू येतोयस का विचारलं की 'अदु'. झालेल्या गोष्टीबद्दल विचारलं की 'दो'. इंग्लिश लोकांना हे फार जड जातं, तुम्ही डोक्यात मराठी ठेवून शिकलात तर सोपं पडेल, इंग्लिशमधून वेल्शकडे जाऊ नका.

तसंच तू आणि तुम्ही. ती म्हणजे तू, खी म्हणजे तुम्ही. लहान मुलं, मित्र, कुत्री-मांजरं, देव यांना ती, अनोळखी आणि वयाने मोठ्या माणसांना खी. काही जुन्या घरांत मुलं आईवडिलांनाही खी म्हणतात, आपल्याकडे बाबांना अहो-जाहो करणारी घरं आहेत तसंच. शेजारच्या आजींना पहिल्याच दिवशी ती म्हणू नका, त्या स्वतः सांगतील तेव्हा बदला.

10. शब्द डिक्शनरीत सापडत नाही कारण पहिलं अक्षरच बदलतं, हे काय प्रकरण आहे?

याला म्युटेशन म्हणतात आणि शिकणारे सगळ्यात जास्त याला घाबरतात. मराठीत विभक्ती लागली की शब्दाचा शेवट बदलतो, घोडा, घोड्याला, घोड्यावर. वेल्शमध्ये शब्दाची सुरुवात बदलते. काइर्दीद म्हणजे कार्डिफ, कार्डिफला म्हणायचं तर 'ई गाइर्दीद', कार्डिफमध्ये म्हणायचं तर 'अङ् ङाइर्दीद', आणि 'आणि कार्डिफ' असं म्हणायचं तर 'आ खाइर्दीद'. हो, ङ. आपल्याला तो वाङ्मयापुरताच माहीत, इथे शब्दाच्या सुरुवातीला येतो.

कधी कधी त्याने अर्थही ठरतो. काथ म्हणजे मांजर. 'ई गाथ' म्हणजे त्याचं मांजर आणि 'ई खाथ' म्हणजे तिचं मांजर, 'ई' दोन्हीकडे तोच, फरक फक्त मांजराच्या पहिल्या अक्षरात. डिक्शनरीत 'ग'खाली शब्द सापडला नाही तर 'क'खाली बघा, 'ल'खाली नाही तर 'ल्ल'खाली.

चुकलं तर? काही होत नाही. जन्मापासून बोलणारे लोकही बोलण्यात बरेच म्युटेशन गाळतात. परदेशी माणूस 'घोडाला' म्हणाला तर आपल्याला कळतं आणि कौतुकच वाटतं. म्युटेशन पाठ होईपर्यंत तोंड उघडायचं नाही असं ठरवलेले लोक मी पाहिलेत, त्यांचं वेल्श वहीतच राहिलं.

11. क्लासमध्ये एक शब्द शिकवतात, बाहेर लोक दुसराच बोलतात. उत्तर-दक्षिण इतका फरक आहे का?

रोजच्या शब्दांत आहे. दूध दक्षिणेत ल्लाइथ, आमच्याकडे ल्लेव्रिथ. आजी दक्षिणेत माम-गी, इकडे नाइन, आजोबा टाड-की आणि टाइड. 'आत्ता'साठी दक्षिणेत नाउर, उत्तरेत रूअन, आणि हे दोन शब्द लिहिलेत तर एक दुसऱ्याचा उलटा आहे, मुलांना हे कळलं की फार आवडतं. वऱ्हाडी आणि पुणेरीत जेवढं अंतर तेवढंच समजा, एकमेकांचं कळतं. क्लास तुमच्या भागाचा निवडा, ॲपवरही भाग निवडता येतो का बघा.

आकड्यांचा घोळ मात्र वेगळा आहे. जुनी पद्धत विसाच्या हिशेबाची, अठराला 'देइनाउ' म्हणजे दोन नऊ. नवी पद्धत सरळ, एक दहा आठ, 'ईन देग उइथ'. शाळेत गणित नव्या पद्धतीने, घड्याळ आणि वय मात्र अजूनही जुन्याने. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 2019 मध्ये एकवीसच्या सोबत 'वीस एक' आलं तेव्हा आपल्याकडे केवढा गदारोळ झाला होता, इथे दोन्ही पद्धती शेजारी शेजारी नांदतायत.

12. मुलाला वेल्श माध्यमाच्या शाळेत घातलं तर इंग्लिश कच्चं राहील का? आणि घरी तर मराठी.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. आधी व्यवस्था समजून घ्या: वेल्समधल्या सगळ्या शाळांत वेल्श हा विषय सोळाव्या वर्षापर्यंत सक्तीचा आहे, माध्यम इंग्लिश असलं तरी. वेल्श माध्यमाच्या शाळेत साधारण सात वर्षांचं होईपर्यंत सगळं वेल्शमध्ये, मग इंग्लिश विषय म्हणून सुरू होतो. अशा शाळांत जाणाऱ्या कितीतरी मुलांच्या घरी वेल्श बोललीच जात नाही, शाळेला ते नवीन नाही, पत्रं आणि गृहपाठाच्या सूचना दोन्ही भाषांत येतात.

इंग्लिश कच्चं राहत नाही. टीव्हीवर, मैदानात, यूट्यूबवर, दुकानात इंग्लिशच इंग्लिश आहे, ती थांबवायची म्हटली तरी थांबत नाही. धोका असतो तो इतर दोन भाषांना. आमच्या मुलीचं घरात मराठी, शाळेत वेल्श, आणि इंग्लिश कधी आली ते आम्हाला कळलंच नाही. एक दिवस ती बाहुल्यांशी खेळत होती, बाहुलीची आजी मराठीत ओरडत होती, बाई वेल्शमध्ये, आणि डॉक्टर इंग्लिशमध्ये. गोंधळ तिला नव्हता, ऐकणाऱ्या आम्हाला होता. पथ्य एकच पाळलं, वेल्श आली म्हणून घरातली मराठी सोडली नाही.

मूल लहान असेल तर आधी कल्ख मेइथ्रिन बघा, वेल्श बालवाडी, 1971 पासून चालणाऱ्या मुदियाद मेइथ्रिन या संस्थेच्या अशा बालवाड्या वेल्सभर आहेत. मूल मोठं असेल, आठ-दहा वर्षांचं, तरी ग्विनेदसारख्या भागात नवीन आलेल्या मुलांसाठी भाषा केंद्रं आहेत, काही आठवडे फक्त वेल्श शिकवून मग शाळेत सोडतात. घरी बघायला एस-फोर-सी चॅनेलवर लहान मुलांचे कार्यक्रम असतात, सबटायटल लावून तुम्हीही बसा सोबत.

13. जाहिरातीत 'वेल्श आवश्यक' लिहिलंय, अर्ज करू की नको?

'हानवोदॉल' म्हणजे आवश्यक आणि 'दमिनॉल' म्हणजे असेल तर बरं. दमिनॉल असेल तर बिनधास्त करा आणि शिकतोय असं स्पष्ट लिहा. हानवोदॉलमध्ये पातळी बघा, कधी नुसतं अभिवादन आणि नावं नीट उच्चारता येणं एवढंच हवं असतं, कधी पूर्ण मीटिंग चालवायची असते. ग्विनेद कौन्सिलचं तर आतलं कामकाजही वेल्शमध्ये चालतं, तिथे कामापुरती वेल्श लागतेच. हॉस्पिटलच्या बऱ्याच कामांत मात्र इंग्लिशवर घेतात आणि वेल्श नंतर शिकता येते.

दवाखान्याबद्दल थोडं जास्त लिहिते कारण माझे मिस्टर तिथे काम करतात. डिमेन्शिया झालेल्या म्हाताऱ्या माणसांची पुष्कळदा नंतर शिकलेली इंग्लिश आधी जाते आणि पाळण्यातली वेल्श उरते. एका आजोबांना रात्री काय हवंय ते कोणालाच कळेना, मिस्टरांना तेव्हा वेल्शचे जेमतेम पन्नास शब्द येत होते, त्यात 'पानेद' होता, म्हणजे कपभर चहा. 'पानेद?' असं विचारल्यावर आजोबांनी त्यांचा हात धरला. म्हणूनच वेल्समध्ये आरोग्यसेवेचं धोरण आहे की पेशंटने मागायच्या आधी आपणहून विचारायचं, वेल्शमध्ये बोलू का.

14. वेल्श वापरायचा हक्क नक्की कुठे आहे? बँकेत, दुकानात मागू शकतो का?

कौन्सिल, आरोग्य मंडळ, पोलीस, युनिव्हर्सिटी अशा सार्वजनिक संस्थांकडे हक्क आहे. 1993 च्या कायद्याने सुरुवात झाली, 2011 च्या कायद्याने वेल्शला अधिकृत दर्जा दिला आणि भाषा आयुक्त नेमले. पत्र वेल्शमध्ये लिहिलंत तर उत्तर वेल्शमध्ये, आणि त्यासाठी जास्त उशीर लावायचा नाही. सेवा मिळाली नाही तर आयुक्तांकडे तक्रार करता येते. ड्रायव्हिंगची परीक्षा वेल्शमध्ये देता येते, बाळाच्या जन्माची नोंद दोन्ही भाषांत करता येते.

खाजगी दुकानं आणि बँकांना सहसा सक्ती नाही. मोठ्या सुपरमार्केटमध्ये पाट्या आणि पैसे भरायची मशिनं दोन भाषांत दिसतात ती बहुतेक त्यांनी आपणहून केलेली. मशीनवर वेल्शचं बटण दाबा, कारण किती लोक दाबतात यावरच ते बटण राहणार की जाणार ते ठरतं.

ऑफिसात दोघं सहकारी आपसात वेल्श बोलतायत आणि मालक म्हणतो बंद करा, तर? 2011 च्या कायद्यात यासाठी वेगळी तरतूद आहे, दोघांनाही वेल्श बोलायचंय आणि तिसरा आडवा येतोय तर आयुक्तांना चौकशीची विनंती करता येते. कोर्टात पण वेल्समध्ये कोणीही पक्षकार किंवा साक्षीदार वेल्शमध्ये बोलू शकतो, दुभाषा मिळतो. अपवाद ज्युरीचा, सगळे ज्युरर वेल्श समजणारेच हवेत असा हक्क नाही, ही मागणी जुनी आहे आणि अजून मान्य झालेली नाही.

15. व्हिसासाठी वेल्श चालते का?

कामाच्या व्हिसाला इंग्लिशच लागते. नागरिकत्वाच्या कायद्यात मात्र इंग्लिश, वेल्श किंवा स्कॉटिश गेलिक असं लिहिलंय, आणि वेल्समध्ये शपथविधीही वेल्शमध्ये होऊ शकतो.

16. ॲपवर भाषांतर करून काम भागेल का?

पत्र समजून घ्यायला भागेल. पाटी लावायला, गोंदवून घ्यायला, दुकानाचं नाव ठेवायला अजिबात नाही. 2008 ची गोष्ट, स्वान्सीत एका रस्त्यावर ट्रकना बंदी अशी इंग्लिश पाटी होती, भाषांतरासाठी ईमेल पाठवला, लगेच उत्तर आलं, ते वेल्शमध्ये होतं म्हणून तेच छापून लावलं. वेल्श येणाऱ्यांनी वाचलं तर पाटीवर लिहिलेलं: मी सध्या ऑफिसात नाही, भाषांतराचं काम पाठवून ठेवा. ज्याला वेल्श येतं असा एक माणूस या कामात कुठेतरी असता तर हे झालं नसतं, म्हणून शेजाऱ्याला विचारा. आणि मायक्रोवेव्हला 'पॉप्टी पिंग' म्हणतात असं कोणी सांगितलं तर ते गमतीतलं आहे, खरा शब्द मेइक्रोडॉन.

17. म्हातारे लोक म्हणतात 'माझं वेल्श चांगलं नाही', मग ते तर लहानपणापासून बोलतात ना?

याचं उत्तर मागे जातं. 1536 च्या कायद्याने कोर्टकचेरीची भाषा फक्त इंग्लिश झाली. 1588 मध्ये बायबल वेल्शमध्ये आलं, विल्यम मॉर्गन यांचं भाषांतर, आणि भाषा चर्चच्या आसऱ्याने टिकली. 1847 मध्ये इंग्लंडहून पाठवलेल्या तीन साहेबांनी वेल्समधल्या शाळांचा अहवाल लिहिला, त्यांना वेल्श येत नव्हती, आणि लोकांच्या अज्ञानाचा, अगदी नीतिमत्तेचाही दोष त्यांनी भाषेवर ढकलला. त्या काळात बऱ्याच शाळांत वेल्श बोलताना सापडलेल्या पोराच्या गळ्यात लाकडाचा तुकडा अडकवायचे, तो मग दुसऱ्या बोलणाऱ्याच्या गळ्यात जायचा आणि दिवसाच्या शेवटी ज्याच्या गळ्यात असेल त्याला मार. आपली भाषा म्हणजे अडाण्यांची ही समजूत अशी पिढ्यान्‌पिढ्या खाली आली. शिवाय आज सत्तरीच्या पुढचे पुष्कळ लोक शाळेत सगळं इंग्लिशमध्ये शिकले, त्यामुळे बोलतात अस्खलित पण लिहायचं म्हटलं की बिचकतात.

1965 मध्ये लिव्हरपूलला पाणी हवं म्हणून ट्रिवेरिनच्या खोऱ्यातलं कापेल केलिन हे वेल्श बोलणारं अख्खं गाव, शाळा, चर्चसकट पाण्याखाली गेलं. मी कोयनेच्या जिल्ह्यातली आहे, धरणाखाली गेलेल्या गावची माणसं मी पाहिलीत, मला ही गोष्ट कोणी समजावून सांगावी लागली नाही. त्या दशकापासून लोक पाट्यांसाठी, टीव्हीसाठी रस्त्यावर आले, तुरुंगात गेले. प्लाइड कम्री या वेल्श राष्ट्रवादी पक्षाचे नेते ग्विनफोर एव्हान्स यांनी 1980 मध्ये वेल्श चॅनेलसाठी आमरण उपोषणाची घोषणा केली, सरकार नमलं, आणि 1982 च्या नोव्हेंबरात एस-फोर-सी सुरू झालं.

तर एखाद्या आजींनी असं म्हटलं की त्यांना सांगा, तुमच्याकडूनच शिकायचंय. पुस्तकी वेल्श क्लासमध्ये मिळते, त्यांच्यासारखी मिळत नाही.

18. शिकायचं कुठे आणि किती वेळ लागतो?

डस्गी कम्राइग ही सरकारी मदतीवर चालणारी राष्ट्रीय व्यवस्था आहे, ऑनलाइन आणि समोरासमोर दोन्ही क्लास, पाच पातळ्या, 16 ते 25 वयाच्या लोकांना फुकट. ड्युओलिंगोवरही वेल्श आहे, सवय लागायला चांगलं, बोलायला पुरत नाही. आठवडाभर राहून शिकायचं असेल तर ल्लीन द्वीपकल्पावर नांट ग्वर्थेइर्न, समुद्रकाठी खाणकामगारांचं ओसाड पडलेलं गाव लोकांनी विकत घेऊन तिथे भाषा केंद्र केलंय.

आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात राष्ट्रीय आइस्तेद्वॉदला जा, एक वर्ष उत्तरेत, एक वर्ष दक्षिणेत, मंचावर फक्त वेल्श, न कळणाऱ्यांना कानात भाषांतर. आपल्या साहित्य संमेलनाला गाण्याच्या स्पर्धा आणि जत्रा जोडली तर कसं होईल तसं. आठवड्यातून दोन तास आणि रोज एक बोलणं एवढं धरलं तर दोन वर्षांत साधं बोलणं जमतं, माझं तेवढ्यात जमलं.

19. आमची शेजाऱ्यांशी ओळख इंग्लिशमध्ये झाली, आता वेल्श शिकलोय पण त्यांच्याशी तोंडातून इंग्लिशच येतं. बदलता येतं का?

अवघड आहे, प्रश्न 6 मध्ये पहिल्या वाक्याचं लिहिलंय ते इथे उलटं लागतं. ज्या भाषेत माणूस भेटला त्या भाषेत तो मनात बसतो, नवरा-बायकोतसुद्धा असं होतं. एकदम सगळं बदलायला जाऊ नका, दोघांनाही अवघडल्यासारखं होतं. एखादी जागा किंवा वेळ ठरवून घ्या. मी शेजारच्या आजींना विचारलं, फाटकापाशी आपण वेल्शमध्येच बोलायचं का? त्यांना आधी हसू आलं. फाटकापाशी विषय तरी किती, हवा, कचऱ्याचा डबा, मांजर, त्यामुळे मला शब्द पुरायचे.

चार वर्षं झाली. फाटकापाशी वेल्श आणि घरात चहाला बसलं की अजूनही इंग्लिश, कारण घरातल्या गप्पा मोठ्या असतात, त्यांच्या भावाच्या, त्यांच्या दुखण्याच्या. मागच्या हिवाळ्यात त्या पडल्या, फोन आला, मी धावत गेले तर आत स्वयंपाकघरात जमिनीवर बसलेल्या, आणि माझ्याशी वेल्शमध्ये बोलल्या. मी पण वेल्शमध्येच विचारलं कुठे दुखतंय.